गर्भावस्थेतील औद्योगिक रसायनांचा संपर्क आणि किशोरवयीन मुलींमधील संप्रेरके

प्रस्तावना : औद्योगिक रसायनांच्या दुष्परिणामांचा विचार बहुधा कारखान्यातील कामगारांपुरताच केला जातो. तथापि, जन्मापूर्वी झालेल्या संपर्काचा परिणाम पौगंडावस्थेत दिसू शकतो काय, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. इंग्लंडमधील एव्हन परिसरातील माता व बालकांच्या दीर्घकालीन अभ्यासामुळे या प्रश्नाचा शोध घेणे शक्य झाले.

रसायनांचे स्वरूप : पीएफओएस, पीएफओए व पीएफएचएक्सएस ही फ्लुओरिनयुक्त रसायने डाग न धरणारे कापड, न चिकटणारी भांडी, आग विझविण्याचा फेस इत्यादींच्या निर्मितीत वापरली गेली. कार्बन व फ्लुओरिन यांचा बंध अत्यंत बळकट असल्याने ती सहजासहजी विघटित होत नाहीत. मानवी रक्तातील त्यांचे प्रमाण निम्मे होण्यास काही वर्षे लागतात. वारेतून ती गर्भापर्यंत पोहोचतात.

अभ्यासाचे स्वरूप व निष्कर्ष : १९९१-९२ मध्ये गरोदर स्त्रियांचे रक्तनमुने साठवून ठेवण्यात आले होते. त्यांतील रसायनांचे प्रमाण आणि मुलींच्या वयाच्या १५ व्या वर्षीची संप्रेरकपातळी यांची तुलना ७२ माता-कन्यांच्या जोड्यांमध्ये करण्यात आली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या मातांच्या रक्तात पीएफओएसचे प्रमाण सर्वाधिक होते त्यांच्या मुलींमध्ये एकूण टेस्टोस्टेरॉन, सर्वांत कमी प्रमाणाच्या गटाच्या तुलनेत, सरासरी ०.१८ नॅनोमोल प्रतिलिटर अधिक आढळले. पीएफओएच्या बाबतीत हा फरक ०.२४ होता. स्त्रियांमध्ये हे संप्रेरक अंडाशय व अधिवृक्क ग्रंथींत अल्प प्रमाणात तयार होते. त्याचे आधिक्य मासिक पाळीच्या अनियमिततेशी निगडित असते.

मर्यादा : नमुना लहान आहे. ही रसायने शरीरात एकत्रच आढळत असल्याने प्रत्येकीचा स्वतंत्र वाटा ठरविणे कठीण आहे. शिवाय सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. त्यामुळे या मुली आजारी होत्या, असा अर्थ यातून काढता येत नाही.

समारोप : स्टॉकहोम कराराखाली पीएफओएसवर २००९ मध्ये निर्बंध आले. पीएफओएचा समावेश २०१९ मध्ये, तर पीएफएचएक्सएसचा २०२२ मध्ये झाला. पहिला निर्बंध आला तेव्हा या मुली सतरा वर्षांच्या आसपास होत्या. पुरावा हाती येईपर्यंत एक पिढी वाढून मोठी होते. म्हणूनच रसायन बाजारात आल्यानंतर नव्हे, तर त्यापूर्वीच गर्भावरील परिणामांची तपासणी होणे अगत्याचे आहे.