जनुकांची अभिव्यक्ती आणि मुखकर्करोगाचा प्रसार

मुखाच्या कर्करोगाचा प्रसार बहुधा प्रथम मानेतील लसिकाग्रंथींत होतो, आणि तो झाला की रुग्ण वाचण्याचा संभव बराच घटतो. मूळ गाठीतील काही पेशीच स्थलांतर का करतात, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

केवळ जनुकांतील उत्परिवर्तनांवरून याचे उत्तर मिळत नाही. कारण जनुक असणे व ते कार्यरत असणे या भिन्न गोष्टी होत. शब्दकोश एकच असला तरी एका वाक्यात त्यातील मोजकेच शब्द योजिले जातात. त्याचप्रमाणे पेशीत त्या त्या वेळी काही जनुकेच कार्यरत असतात. या कार्यरत होण्यास 'अभिव्यक्ती' ही संज्ञा आहे.

अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील संशोधकांनी मुखकर्करोगाच्या १८ रुग्णांतील सुमारे ६,००० पेशींची अभिव्यक्ती एकेक पेशी वेगळी करून तपासली व २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुखाचे आवरण बनविणाऱ्या पेशी परस्परांना घट्ट चिकटून असतात. गाठीच्या कडेवरील काही कर्कपेशींनी आवरणपेशींची लक्षणे सर्वस्वी सोडली नव्हती. तथापि संयोजी ऊतकातील पेशींप्रमाणे व्हायमेंटिनसारख्या प्रथिनांची जनुके त्यांत कार्यरत झाली होती. म्हणजे स्थित्यंतर अर्धेच झाले होते. या अवस्थेतील व तीत नसलेल्या पेशी प्रयोगशाळेत वेगवेगळ्या वाढविल्या असता थोड्याच दिवसांत दोन्ही समूहांत पुन्हा दोन्ही प्रकार दिसू लागले. ही अवस्था कायमची नसून पालटणारी आहे, हे यावरून उघड होते.

हे अर्धस्थित्यंतर आणि ग्रंथींतील प्रसार यांचा संबंधही त्या अभ्यासात आढळला. त्याचे व्यावहारिक महत्त्व मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील चाचणीवरून ध्यानात येते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, प्रारंभिक मुखकर्करोगात मूळ गाठीबरोबरच मानेतील ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते. मानेत रोग दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. मात्र ज्यांच्या मानेत रोग पोहोचलेलाच नसतो, त्यांनाही ही शस्त्रक्रिया सोसावी लागते, आणि तिच्यामुळे खांदा दुर्बल होऊ शकतो. अभिव्यक्तीवरून असे रुग्ण आधीच ओळखता आले, तर त्यांचा हा त्रास टळेल. परंतु पालटती अवस्था गाठीच्या एका तुकड्यात दिसली नाही, म्हणून ती गाठीत नाहीच, असे म्हणता येत नाही. सुटावयाची खरी अडचण हीच होय.