महापूर आणि रोजची गोळी



या अंकात बेणेमळ्याबद्दल लिहायचे ठरले होते. पण पावसाळा तोंडावर आला आहे, म्हणून ऊस जरा बाजूला ठेवून औषधपाण्याबद्दल लिहीत आहोत.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, गावोगावची वीज गेली. त्या वेळी आम्ही एका शाळेतल्या छावणीत मदतीला होतो. लोकांनी म्हशी आणल्या होत्या, सातबारे आणले होते. तिसऱ्या दिवशी एक आजी चक्कर येऊन पडल्या. रक्तदाब भलताच चढलेला. डॉक्टरांनी विचारले, "कुठली गोळी घेता?" आजी म्हणाल्या, "पांढरी, बारकी." चिठ्ठी घरात आणि घर पाण्यात! म्हशीच्या औषधाची पुडी मात्र त्यांच्या मुलाच्या खिशात होती. आजी वाचल्या, पण डॉक्टरांना अंदाजानेच सुरुवात करावी लागली.

रक्तदाबाच्या काही गोळ्या एकदम थांबवल्या तर दाब उसळतो. फिट्सची गोळी चुकली तर फिट येऊ शकते. म्हणून जूनमध्येच पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दाराजवळ खुंटीला लावा. चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून परगावच्या पाहुण्यांकडेही पाठवा. मोबाईल बंद पडतो, पाहुण्यांचा चालू असतो.

इन्शुलिन घेणारे वीज गेली की घाबरतात. वापरात असलेली बाटली सावलीत, गार जागी साधारण चार आठवडे टिकते. डबीत घालून माठाजवळच्या ओल्या वाळूत ठेवा. बर्फात मात्र खुपसू नका, गोठलेले इन्शुलिन वाया जाते. ज्यांचे डायलिसिस आठवड्याला दोन-तीनदा होते, त्यांनी तर इशारा मिळताच, रस्ता चालू असतानाच दवाखान्याच्या गावी जाऊन राहावे. "बघू, पाणी उतरेल" म्हणण्याची सोय त्यांना नाही. अशा सभासदांची नावे आपल्या चिटबॉयकडे आधीच सांगून ठेवा, म्हणजे बोट आली की पहिला निरोप त्यांच्याकडे जाईल.

पुराच्या पाण्यात भिजलेली पातळ औषधे आणि सुट्या गोळ्या टाकून द्याव्यात. वाळवून खायचा मोह होतो, तो आवरावा.

पूर ओसरल्यावरचा धोका आमच्या मते जास्त फसवा. पाणी उतरले की आपण लगेच बांध बघायला, पडलेला ऊस उभा करायला शिरतो. पायाला पाचटाचे ओरखडे, खाली उंदीर-घुशींच्या लघवीने दूषित झालेला चिखल. त्यातून लेप्टो शिरतो. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी थंडी-ताप, डोके आणि पोटऱ्या विलक्षण दुखणे, डोळे लाल होणे सुरू होते. लोक म्हणतात, "राबून अंग दुखतंय," आणि दुकानातली दुखण्याची गोळी खातात. वेळेवर औषध मिळाले तर हा आजार बरा होतो, उशीर झाला तर मूत्रपिंडे जातात. ताप आला की प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि "मी पुराच्या पाण्यात काम केले आहे" हे स्वतःहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असे नाही. प्रतिबंधक गोळ्याही त्यांच्याच सल्ल्याने घ्याव्यात. चिखलात गमबूट घाला. जखम असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनाचे विचारा.

पुराने बिळांतून निघालेले साप उसाच्या सरीत आणि गोठ्यात येतात. चावला तर कापायचे नाही, आवळून बांधायचे नाही, मांत्रिकाकडे न्यायचे नाही. हातपाय स्थिर ठेवून सरळ दवाखाना, नाहीतर १०८ ला फोन.

प्यायचे पाणी उकळूनच घ्यावे. जुलाब लागले तर ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात. लहान पोराला चमच्याचमच्याने पाजत राहा, आणि ते मलूल दिसले तर रात्र काढू नका, तसेच उचलून न्या.

बेणेमळ्याचा लेख पुढच्या अंकात देतो आहोत.