फुटण्याच्या रेषा, सांधण्याच्या रेषा

लील येथील शल्यविशारद रने ले फोर यांनी प्रेतांच्या मस्तकांवर बोथट आघात करून व मागाहून मांस उकलून हाडे न्याहाळली, तेव्हा १९०१ साली त्यांनी असे नमूद केले की, मनुष्याचा चेहरा वाटेल तसा फुटत नाही, तो तीन ठरावीक दुर्बल रेषांवर दुभंगतो. त्यांपैकी पहिली दातांच्या मुळांवरून आडवी जाते, तर तिसरी डोळ्यांच्या खोबणींतून जाऊन सबंध चेहराच कवटीपासून अलग करते.

मौज अशी की, अपघाताचा हा नकाशाच पुढे दुरुस्तीचा आराखडा ठरला. क्रूझाँच्या व्याधीत कवटीचे सांधे अकाली जुळतात, चेहऱ्याचा मध्यभाग मागे राहतो आणि उथळ खोबणींतून डोळे बाहेर येतात. असा चेहरा तिसऱ्या रेषेवर मुद्दाम सोडवून पुढे आणावा व पडलेल्या फटींत रुग्णाच्याच देहातील हाडाचे तुकडे बसवावेत, हे कर्म फ्रान्सच्या पॉल तेसिए यांनी, कोरड्या कवट्यांवर हात बसवून, १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिद्धीस नेले. कवटी उघडली तर नाकातील जंतू मेंदूपर्यंत पोहोचण्याचे भय दांडगे. तरी ती उघडून, मेंदूचा पुढला भाग अलगद मागे सारून, दूर गेलेल्या नेत्रखोबणी जवळ आणता येतात, हे त्यांनी १९६७ साली रोमच्या परिषदेत दाखवले.

अलीकडे, फटींत हाडाचे तुकडे बसवण्याऐवजी, लहान मुलांचा खुरटलेला खालचा जबडा कापून, स्क्रूच्या साधनाने त्याची टोके दिवसाला सुमारे १ मिलिमीटर दूर सारतात. मधल्या फटीत नवे हाड धरते. स्क्रूची किल्ली पुष्कळदा घरी आईबापच फिरवतात.