चला, एक जमात जन्माला घालू या!



समजा, आज तुमचा वाढदिवस आहे. घरी मित्रमैत्रिणी जमल्या आहेत आणि तुम्ही सगळ्यांना भेटी वाटता आहात. हो, वाटता आहात! ज्याचा वाढदिवस, त्यानेच इतरांना भेट द्यायची. "हे काय भलतंच!" असं म्हणाल. पण हॉबिट नावाच्या लोकांत हीच रीत आहे.

हे हॉबिट जेमतेम तीन-साडेतीन फूट उंच. पायांत चपला-बूट काही नाही, कारण तळवे चामड्यासारखे चिवट आणि पावलांवर दाट कुरळे केस. टेकडीच्या पोटात खणलेली त्यांची घरे, दार गोल. मिळालेच तर दिवसातून सहा वेळा जेवायची त्यांची तयारी!

नकाशात मात्र हॉबिटांचा देश शोधू नका. हे लोक एका माणसाच्या डोक्यात जन्मले. त्याचे नाव जे. आर. आर. टॉल्किन. त्याचे 'द हॉबिट' हे पुस्तक १९३७ साली आले आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हे भलेमोठे पुस्तक १९५४-५५ मध्ये तीन भागांत आले. त्यावरचे सिनेमे तुमच्यापैकी काहींनी पाहिलेही असतील. पण आज आपण लढायांबद्दल नाही बोलायचे. आज बघू या, टॉल्किनने अख्ख्याच्या अख्ख्या जमाती कशा घडवल्या. आणि मग आपणही एक घडवू.

आधी भाषा, मग माणसे

टॉल्किनचा जन्म ३ जानेवारी १८९२ चा, दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेन गावचा. तीन वर्षांचा असताना आई त्याला घेऊन इंग्लंडला आली. पुढच्याच वर्षी तिकडे आफ्रिकेत वडील वारले. आईने घरीच शिकवले, लॅटिनची गोडी लावली. तो बारा वर्षांचा असताना तीही गेली.

या मुलाला एक नाद होता, भाषांचा. तुम्ही 'च'ची भाषा बोलता ना? तसाच एक खेळ त्याच्या मावसबहिणींत चालायचा. त्यांची भाषा बहुतेक प्राण्यापक्ष्यांच्या नावांचीच बनलेली होती. टॉल्किनही ती शिकला. मग दुसरी आली, तिसरी आली. मोठेपणी ऑक्सफर्डला शिकताना ग्रंथालयात त्याच्या हाती फिनलंडच्या फिनिश भाषेचे व्याकरण लागले आणि स्वारी इतकी रमली, की त्या भाषेच्या नादावरून त्याने स्वतःची एक नवी भाषा बांधायला घेतली.

आता गंमत पाहा. भाषा तयार झाली, पण ती बोलणार कोण? भाषा म्हटली की बोलणारे लोक हवेत. लोक म्हटले की त्यांची गाणी, सण, भांडणे हवीत. आणि 'आपण कुठून आलो?' याची एक गोष्ट हवी. फिनलंडच्या लोकांकडे अशी गोष्ट आहे. जुन्या लोकगीतांतून जुळवलेल्या त्यांच्या 'कालेवाला' या काव्यात एक पाणबदक समुद्रात तरंगणाऱ्या देवीच्या गुडघ्यावर अंडी घालते. अंडी घरंगळून फुटतात आणि त्यांच्या तुकड्यांतून पृथ्वी नि आकाश होते. फिनलंड हा हजारो सरोवरांचा देश. तिथल्या लोकांच्या गोष्टीत पाणी आणि बदक येणारच की नाही?

१९१६ साली टॉल्किन पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढायला गेला. खंदकात तापाने आजारी पडून परत आला. शाळेपासूनच्या चार जिवलग मित्रांची त्यांची चौकडी होती. त्यातले दोघे युद्धात मारले गेले. त्या आजारपणात त्याने आपल्या कल्पित लोकांच्या गोष्टी वहीत लिहायला सुरुवात केली. पुढे तो ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला, चार मुलांचा बाप झाला, तरी ते लिखाण चालूच होते. १९७३ साली तो वारला. त्यानंतर त्याच्या मुलाने त्या गोष्टी नीट लावून १९७७ साली 'द सिल्मरिलियन' या नावाने छापल्या.

हातोडा थांबला

त्यातली ड्वार्फ लोकांच्या जन्माची गोष्ट मला फार आवडते. ड्वार्फ म्हणजे बुटके, दाढीवाले, डोंगराच्या पोटात खाणी खणणारे लोक.

जगाचा कर्ता इलूवातार. त्याच्या हाताखाली अनेक शक्ती होत्या. त्यांतला एक ऑले, म्हणजे लोहार-कारागीर समजा. इलूवातार जगात माणसे आणि एल्फ आणणार होता, पण ऑलेला धीर निघेना. आपली विद्या शिकवायला त्याला शिष्य हवे होते! म्हणून डोंगराखाली लपून त्याने सात ड्वार्फ घडवले. दगडासारखे टणक, हट्टी, सोशिक. तो त्यांना बोलायला शिकवू लागला, तोच इलूवातारचा आवाज आला, "हे काय केलंस? तू मनात आणशील तेव्हाच हे हलणार. यांना स्वतःचा जीव कुठे आहे?"

ऑले खजील झाला. म्हणाला, "बापाचं पाहून मूल खेळतं, तसं मी केलं." आणि रडत रडत त्याने ते सातही जण फोडून टाकायला हातोडा उचलला. पण काय आश्चर्य! ते सातही जण घाबरून मागे सरले आणि दयेची भीक मागू लागले. इलूवातार म्हणाला, "बघ, स्वतःचा जीव नसता तर ते घाबरले असते का?" त्याने त्यांना आधीच आपले मानले होते. एकच अट होती. एल्फ जागे होईपर्यंत या सातांनी दगडाखाली झोपून राहायचे.

आता पुढच्या पुस्तकांतले ड्वार्फ पाहा. ते दगडावर जीव टाकतात, हट्ट सोडत नाहीत. त्यांची भाषा गुप्त आहे, आणि आपले खरे नाव ते परक्याला सांगत नाहीत, थडग्यावरही कोरत नाहीत. का बरं? आठवा, त्यांचा जन्मच लपूनछपून झाला आहे! आणि एल्फ? ते जागे झाले तेव्हा सूर्य नव्हता, चंद्र नव्हता. एका तळ्याकाठी डोळे उघडले आणि पहिल्यांदा दिसल्या त्या चांदण्या. म्हणून सगळ्यांत जास्त प्रेम चांदण्यांवर.

कळली ना युक्ती? नुसते टोकदार कान आणि लांब दाढी काढली की जमात होत नाही. त्यांची एक सवय घ्यायची आणि विचारायचे, "का?" या 'का'च्या उत्तरातून त्यांची जन्मकथा निघते.

आमच्या वर्गातले पडसादे

मी चौथीच्या वर्गावर हा खेळ करून पाहिला. मुलांनी ठरवले, आपले लोक दरीत राहणार. दरीत काय असतं? पडसाद! मग नाव ठरले, पडसादे.

त्यांची जन्मकथा मुलांनीच रचली. फार फार पूर्वी एक डोंगर होता. एकटाच. बोलायला कोणी नाही. एकदा ढग गडगडला. डोंगराला इतका आनंद झाला, की त्याने तो आवाज तसाच परत पाठवला. आवाजाचे तुकडे दरीत पडले आणि त्यांतून पडसादे जन्मले.

मग रीतही सुचली. पडसाद्यांशी कोणी बोलले, की ते आधी त्याचा शेवटचा शब्द म्हणतात आणि मगच उत्तर देतात. म्हणजे 'मी तुझं ऐकलं' अशी पोच! ते कोणाचाही शब्द खाली पडू देत नाहीत. त्यांची सर्वांत मोठी शिक्षा कोणती? त्या माणसाचा शब्द कोणीही परत म्हणायचा नाही.

दोन दिवस वर्गात हाच खेळ. "बाई, पाणी पिऊन येऊ?" "येऊ! ये जाऊन." नुसता हशा.

"ते तसेच असतात!"

तिसऱ्या दिवशी एका मुलाने पडसाद्यांना शत्रू आणले. त्यांचे नाव ओरबाडे. "बाई, ते तंबूत राहतात. गावोगाव फिरतात. सगळे चोर."

मी विचारले, "का चोर?"

"का म्हणजे? जन्मापासूनच. ते तसेच असतात!"

वर्ग हसला. एक मुलगी हसली नाही. त्याच वर्षी शाळेत दाखल झालेली, गावाबाहेरच्या माळावर पालात राहणारी. तिने पेन्सिल खाली ठेवली होती.

मुलांनो, ही अडचण टॉल्किनलाही आली होती. त्याच्या पुस्तकांत ऑर्क नावाचे क्रूर सैनिक आहेत, हजारोंनी. ते आले कुठून? त्याच्या जगात दुष्ट शक्तीला नवा जीव निर्माण करता येत नाही, चांगले असेल ते नासवता येते. म्हणून एका गोष्टीत त्याने म्हटले, की एल्फांना पकडून, छळ करून त्यांचे ऑर्क केले गेले. पण मग एकही ऑर्क चांगला कसा निघत नाही? या प्रश्नाने त्याची पाठ सोडली नाही. म्हातारपणापर्यंत तो टिपणे लिहीत राहिला, उत्तरे बदलत राहिला. एक पक्के उत्तर त्याला ठरवताच आले नाही.

पुस्तकातले ऑर्क पुस्तकातच राहतात. पण 'ते जन्मापासून तसेच' ही गोष्ट खऱ्या माणसांबद्दलही सांगितली गेली आहे. विणकराचा मुलगा विणकर, सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, असला तर्क लढवून इंग्रज सरकारने १८७१ साली आपल्या देशात 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. सुरुवातीला तो काही भागांत होता, पुढे देशभर पसरला. या यादीत नाव आलेल्या जमातीत जन्मलेले पाळण्यातले बाळही गुन्हेगार! मोठ्यांनी पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. काहींना तर कुंपणाच्या वसाहतीत ठेवले. आपल्या सोलापुरातही अशी वसाहत होती. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हे लोक त्या कायद्यातून सुटले. म्हणून तो दिवस 'विमुक्त दिन' म्हणून पाळतात. कायदा गेला, पण 'ते तसेच असतात' हे वाक्य अजून आपल्या तोंडी राहिले आहे.

हे सगळे मी त्या दिवशी वर्गात सांगितले नाही. फक्त विचारले, "ओरबाडे चोरी का करत असतील? कोण सांगेल?"

बराच वेळ कोणी बोलेना. मग ती मुलगी हळूच म्हणाली, "बाई, त्यांना कुणी दिलीच नसेल जागा."

वर्ग गप्प. आणि मग ज्याने ओरबाडे काढले होते, तोच मुलगा म्हणाला, "जागा." मग शेजारचा म्हणाला. मग सगळा वर्ग म्हणाला, "जागा."

त्या दिवसानंतर गोष्ट बदलली. ओरबाडे वाऱ्यातून जन्मले असे ठरले. ते जिथे थांबत, तिथले लोक हद्दीचा दगड पुढे सरकवत. त्यांच्यात एक चोर होता, एक वैद्य होती, एक नुसताच गप्पिष्ट आजोबा होता. आणि 'ओरबाडे' हे तर पडसाद्यांनी ठेवलेले नाव! ते स्वतःला म्हणत, 'वाटसरे'. खऱ्या जगातही असे होते बरं का. इंग्लंडशेजारच्या वेल्समधल्या लोकांना इंग्रजीत 'वेल्श' म्हणतात. त्या शब्दाचा जुना अर्थ 'परके'. स्वतःच्या भूमीवर परके! त्यांच्या भाषेत त्यांचे स्वतःचे नाव आहे 'कम्री', म्हणजे एकाच भूमीतले, आपले लोक.

आता तुमची पाळी

वही घ्या आणि सुरू करा.

१. तुमची जमात कुठे राहते? पाण्यात, झाडावर, चंद्रावर? तिथे काय भरपूर आहे आणि कशाची टंचाई आहे?

२. ते काय खातात, कशाला भितात, कोणता सण करतात?

३. त्यांची एक आगळी सवय शोधा. विचारा, "का?" उत्तरातून जन्मकथा लिहा. सोपी, आजीने सांगावी तशी.

४. शेजारचे लोक त्यांना काय म्हणतात? ते स्वतःला काय म्हणतात?

५. त्यांच्यातली तीन माणसे लिहा, एकमेकांसारखी मुळीच नसलेली. तिघेही एकसारखेच निघाले, तर समजा, आपण त्यांना अजून नीट ओळखत नाही.

आणि पालकांनो, मूल वही घेऊन आले तर 'अभ्यास झाला का?' हे नंतर विचारा. आधी ती गोष्ट ऐका. जमलंच तर पडसाद्यांसारखा त्याचा शेवटचा शब्द परत म्हणून बघा. मूल पुढे बोलत राहील.

ती मुलगी दिवाळीनंतर घरच्यांबरोबर पुढच्या गावी गेली. जाताना तिने वर्गाच्या वहीत वाटसऱ्यांचे एक चित्र काढून ठेवले. तंबू, तीन माणसे, एक कुत्रा. आणि तंबूभोवती, हलवता येणार नाही असा काळाभोर रंगवलेला, एक हद्दीचा दगड.