आकड्याखालची सही

१८६५ साली अमेरिकेत रिचर्ड मिलर डेव्हन्स नावाच्या गृहस्थाने व्यापारी किश्शांचा एक कोश छापला. त्यात सर हेन्री फर्नीस या जुन्या इंग्रज बँकरची गोष्ट आहे. हॉलंड, फ्लँडर्स, फ्रान्स, जर्मनी, जिकडे तिकडे या माणसाने बातमीदार पेरून ठेवलेले. लढाईचा निकाल सर्वांच्या आधी त्याच्या कानी यायचा. नामूरचा किल्ला पडल्याची खबर अशीच आधी लागली आणि फर्नीससाहेबांनी तिच्यावर पैसे केले. या व्यवस्थेचे वर्णन करताना डेव्हन्सने 'बिझनेस इंटेलिजन्स' हे शब्द वापरले. या शब्दांचा सर्वांत जुना म्हणून जो वापर दाखवतात, तो हाच. आयबीएमच्या हान्स पीटर लूनने १९५८ मध्ये याच नावाचा निबंध लिहिला आणि पुढे संगणकवाल्यांनी ही जोडी कायमची उचलली. पण मूळ गोष्ट बँकवाल्याची, हे मला अडतीस वर्षे बँकेत काढलेला माणूस म्हणून सांगितल्यावाचून राहवत नाही.

फर्नीसची सारी मिजास होती ती बातमी एकट्याला कळण्यात. आजच्या कचेरीतली हवा नेमकी उलटी आहे. आता म्हणतात, 'सेल्फ सर्व्हिस बीआय'. म्हणजे ताट आपण उचलायचे, वाढूनही आपणच घ्यायचे. संगणक विभागाकडे अर्ज करून वाट पाहत बसायचे नाही. हवा तो आकडा ज्याने त्याने स्वतः काढायचा.

ही मुभा किती मोठी आहे, हे आमच्या पिढीला विचारावे. एखादा वेगळा तक्ता हवा असला, समजा, तालुकावार आणि पिकावार थकबाकी, तर संगणक विभागाला पत्र लिहावे लागे. मग उत्तर येई, 'साहेब, तुमचं काम रांगेत आहे.' तक्ता येईपर्यंत ज्या सभेसाठी तो मागितला ती होऊन जाई. पुढे पुढे लोक प्रश्न विचारेनासेच झाले. बँकेत सर्वांत जास्त नुकसान, माझ्या मते, या न विचारलेल्या प्रश्नांनी केले आहे.

२०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सेलला 'पॉवरपिव्हट' नावाची जोड दिली. साध्या एक्सेलच्या पानावर १०,४८,५७६ ओळींची मर्यादा; त्याच्या पुढे ते हात टेकते. पॉवरपिव्हट मात्र माहिती ओळीने न साठवता स्तंभाने साठवते. एकाच स्तंभात तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात (शाखेचे नाव, कर्जाचा प्रकार), त्यामुळे ते दाबून अगदी लहान करता येतात आणि कोटी कोटी ओळी टेबलावरच्या साध्या संगणकाच्या स्मृतीत मावतात. हे झाले एकट्याचे. पण असा तक्ता 'शेअरपॉइंट'वर, म्हणजे साऱ्या कचेरीच्या फायली एका जागी ठेवणाऱ्या व्यासपीठावर, चढवला की तो इतरांना आपापल्या ब्राउझरमध्ये उघडता येई. आतली माहिती ठरल्या वेळी, रात्री वगैरे, आपोआप ताजी होई. तक्ता कुणी केला, कुणी कधी बदलला, कुणाला पाहता येईल, याची नोंद राही. तोवर ईमेलमधून 'फायनल', 'फायनल नवे' आणि 'खरेच फायनल' अशा तीन नावांनी फिरणारी फाईल एका ठिकाणी बसली. मला रंगीत आलेखांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटली, आणि अजूनही वाटते.

आमच्या प्रादेशिक कार्यालयात ही सोय आली तेव्हा एका तरुण अधिकारी मुलीने ती महिनाभरात आत्मसात केली. हुशार, आणि हुशारीची घमेंड नाही. तिने सगळ्या शाखांच्या थकबाकीचा एक नकाशा केला. नव्वद दिवसांहून जास्त थकीत खाती जिथे अधिक, ती शाखा लाल. मृगाच्या तोंडावर आढावा सभा होती. पडद्यावर नकाशा उमटला आणि अर्धा जिल्हा लाल झाला. वरिष्ठांनी तिथल्या तिथे सांगून टाकले, लाल शाखांनी वसुली दाखवावी, मगच नवे कर्ज.

मागच्या रांगेतून एक शाखाधिकारी उठले. खेड्यातली शाखा, माणूस निवृत्तीला आलेला. म्हणाले, "मॅडम, ही पीककर्जं आहेत. यांना नव्वद दिवस लागत नाहीत. दोन हंगाम लागतात."

ती गोंधळली. "पण सर, सिस्टिममध्ये थकीत दिवसांचा एकच कॉलम आहे."

दोघांचेही बरोबर होते. कर्ज 'अनुत्पादित' ठरवायला मार्च २००४ पासून नव्वद दिवसांचा नियम आहे. पण शेतीकर्जाला रिझर्व्ह बँकेने वेगळे माप दिले आहे. कमी मुदतीच्या पिकाला दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकाला एक. स्तंभात दिवस होते, हंगाम नव्हते. हंगाम त्या शाखाधिकाऱ्यांच्या डोक्यात होते.

तिने वीस मिनिटांत सूत्र बदलले. व्यासपीठावरचा तक्ता सुधारला आणि जिल्हा पुष्कळसा हिरवा झाला. पण सभेआधीच कुणीतरी त्या लाल नकाशाची छापील प्रत टिपणाला जोडून वर धाडली होती. छापलेला कागद रात्री आपोआप ताजा होत नाही. पुढचे तीन महिने त्या कागदाच्या आधारे खुलासे मागणारी पत्रे येत राहिली. दोन शाखांत नवे पीककर्ज महिनाभर अडले. पेरणी काही मंजुरीसाठी थांबत नाही. त्या महिन्यात शेतकरी पैशांसाठी कुणाच्या दारी गेले, याचा कॉलम कुठल्याच फायलीत नव्हता.

यात त्या मुलीला दोष देणे सोपे आणि चुकीचे. प्रश्न असा, की तिचा तक्ता पडद्यावर जाण्याआधी दुसऱ्या कुणी तपासायचा होता? लेजरच्या काळात कारकून नोंद करी आणि अधिकारी ती व्हाउचरशी ताडून शेजारी इनिशियल करी. त्या दोन अक्षरांच्या फरपटीवरून वर्षांनंतरही माणूस ओळखता येई. कोअर बँकिंग आले तेव्हा हीच रीत 'मेकर-चेकर' या नावाने यंत्रात गेली. एकाने टाकलेला व्यवहार दुसऱ्याने मंजूर केल्याशिवाय पुढे सरकत नाही. शंभर रुपये जमा करायला दोन माणसे लागतात. आणि अर्ध्या जिल्ह्याला लाल रंग द्यायला एक! व्यवहार यंत्राबाहेर पडून तक्ता झाला, की त्याला चेकर उरत नाही. (सहीला फार डोक्यावर घेऊ नये, हेही खरे. १९९२ च्या रोखे घोटाळ्यातल्या बँक रिसीटांवरही सह्या होत्याच.)

मोठ्या घरांतही हेच. जेपी मॉर्गनला २०१२ साली लंडनच्या सौद्यांत सहा अब्ज डॉलरांवर फटका बसला. बँकेच्याच चौकशी अहवालात आढळते, की जोखमीचे गणित एक्सेलच्या पानापानांतून हाताने कॉपी-पेस्ट करून चाले आणि एका ठिकाणी सरासरीऐवजी बेरजेने भागले गेल्याने जोखीम प्रत्यक्षाहून कमी दिसली. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरदात सुमारे १६ हजार करोनाबाधितांची नावे रोजच्या मोजणीतून गळाली, कारण माहिती जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाईलमध्ये ओतली जात होती आणि तिच्या ६५,५३६ ओळी संपल्या होत्या. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या माणसांना निरोप उशिरा गेले.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १४ सप्टेंबर २०२० च्या परिपत्रकात स्पष्टच लिहिले, की अनेक बँका अजून हाताने बुडीत खाती ओळखतात आणि यंत्राने ठरवलेला वर्ग सर्रास बदलतात. जून २०२१ अखेरपर्यंत सारे यंत्रावर आणा, आणि अपवाद म्हणून हात घालायचाच तर किमान दोन पातळ्यांची मंजुरी घ्या, नोंद ठेवा, असा हुकूम झाला. वाचून मी घरी एकटाच हसलो. दोन पातळ्या म्हणजे आमचा कारकून आणि आमचा अधिकारीच की!

याहून बोलके मला नोव्हेंबर २०२१ चे परिपत्रक वाटते. त्यात 'थकीत' म्हणजे काय, हे उदाहरणासकट समजावून सांगावे लागले आहे. हप्त्याची तारीख ३१ मार्च. त्या दिवसाचे काम बंद करण्याची प्रक्रिया होईपर्यंत पूर्ण रक्कम आली नाही, तर खाते ३१ मार्चलाच थकीत. आणि तसेच राहिले तर २९ जूनला अनुत्पादित. शतकभर व्याज मोजणाऱ्या बँकांना दिवस कुठून मोजायचा हे २०२१ साली सांगावे लागते! यात बँका बावळट आहेत असे नाही. शब्द एक आणि प्रत्येक टेबलावर त्याचा अर्थ वेगळा, हे कचेरीचे जुने दुखणे आहे. पूर्वी ते संगणक विभागाच्या रांगेखाली झाकलेले असे. ज्याला त्याला आकडा काढता येऊ लागला तेव्हा ते उघडे पडले, एवढेच. माझ्या मते ही त्या साधनांची मोठीच कामगिरी.

पॉवरपिव्हटची ती शेअरपॉइंटवरची मांडणी आता मागे पडली. २०१५ पासून 'पॉवर बीआय' आहे. आता तर गप्पा, सभा आणि तक्ते टीम्सच्या एकाच खिडकीत असतात, आणि प्रश्न साध्या वाक्यात टाइप केला तरी आलेख समोर येतो. त्यात एक सोय आहे, जिच्याकडे तरुण मंडळी फारशी पाहत नाहीत. तक्त्यावर किंवा त्यामागच्या माहितीवर 'सर्टिफाइड' अशी खूण लावता येते. मात्र ती लावण्याचा अधिकार संस्थेने नेमलेल्यांनाच असतो.

मध्यंतरी ती मुलगी भेटली. आता ती मुख्य कार्यालयात आहे, हाताखाली बरीच माणसे आहेत. मी विचारले, "तुमच्याकडे किती तक्ते आहेत?"

"हजारांत असतील, सर."

"आणि खूण लावलेले?"

तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या हाताची गरज पडली नाही. मग म्हणाली, "पीककर्जाचा आहे त्यात. तो मी त्या शाखाधिकाऱ्यांना फोन करून तपासून घेतला होता. ते रिटायर झाले होते तेव्हा, पण त्यांनी दोन तास दिले."