रखमाबाई खटला : अपिलात काय ठरले?

रखमाबाईंना न्यायालयाने न्याय दिला, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः न्यायालयात त्यांचा पराभव झाला. तो कसा झाला, हे कळण्यासाठी १८८६ चा अपिलाचा निर्णय पाहावा लागतो.

रखमाबाईंचा विवाह अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. पुढेही त्या सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिल्या. पत्नीने नांदावयास यावे, म्हणून दादाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. अजाण वयात, संमतीवाचून झालेल्या विवाहाने आपण बांधल्या जात नाही, असे रखमाबाईंचे म्हणणे होते.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांची विचारसरणी बारकाईने पाहण्याजोगी आहे. वैवाहिक संबंध पुनःस्थापित करण्याचा दावा इंग्लंडच्या कायद्यातून येथे आलेला. हिंदू धर्मशास्त्रात त्यास आधार नाही. शिवाय हे दांपत्य कधी एकत्र नांदलेच नव्हते. मग पुनःस्थापना कशाची करावयाची? म्हणजे धर्माच्या नावाने ज्याचा एवढा पुरस्कार झाला, तो उपायच मुळी परका होता!

दादाजींनी अपील केले. मार्च १८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सार्जंट व न्या. बेली यांनी हा निर्णय फिरविला. सहजीवन पूर्वी सुरू झाले होते की नाही, हा भेद त्यांनी मानला नाही. असा दावा हिंदूंमध्येही चालतो, असे ठरवून त्यांनी प्रकरण फेरसुनावणीसाठी परत पाठविले. संमतीच्या प्रश्नाला त्यानंतर न्यायालयात फारसा वाव उरला नाही.

मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी महिन्याच्या आत पतीगृही जाण्याचा हुकूम दिला; अन्यथा सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दर्शविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे लंडनला वैद्यकीय शिक्षण घेऊन त्यांनी सुरत व राजकोट येथे रुग्णसेवा केली.

अशा हुकूमनाम्यापोटी कैदेची तरतूद १९२३ मध्ये रद्द झाली. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ९ मध्ये मात्र हा दावा कायम राहिला व सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते कलम वैध ठरविले. असा हुकूमनामा घेऊन कोणी पंचायत सदस्यांकडे आल्यास एवढे ध्यानात असावे, की त्याच्या अंमलबजावणीसाठी न्यायालय मालमत्तेवर जप्ती आणू शकते; पत्नीस बळाने घरी आणण्याचा अधिकार त्यातून कोणासही मिळत नाही.