शाफ्ट मोडला म्हणजे क्लब संपला?

वापरलेला गोल्फ क्लब विकत घेताना माणसं डोकं निरखून बघतात, ग्रिप दाबून बघतात. शाफ्टकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पुढे तो वाकला किंवा तडकला की क्लब भंगारात जातो. याची मुळीच गरज नसते. डोकं, शाफ्ट आणि ग्रिप हे तीन सुटे भाग आहेत. डोक्याला जी पोकळ मान असते, ती होझल. शाफ्ट त्यात इपॉक्सीने चिकटवलेला असतो. तापवलं की इपॉक्सी मऊ पडतं आणि शाफ्ट निघून येतो. काही जुन्या क्लबांत होझलमधून आडवी पिन ठोकलेली असते, ती आधी काढावी लागते, एवढंच. डोकं शाबूत असेल तर नव्या शाफ्टवर तोच क्लब अनेक वर्षं चालतो.

जुना शाफ्ट खेळून खेळून नरम पडतो, हाही असाच एक समज. नेहमीच्या खेळाने शाफ्टचा ताठपणा जाणवण्याइतका कमी होत नाही. त्याला खरा धोका गंजाचा, पोचांचा आणि चिरांचा. स्टीलचा शाफ्ट आतून पोकळ असतो आणि ग्रिपच्या टोकावरच्या बारीक भोकातून त्यात ओल शिरते. बाहेरचा क्रोम चकचकीत आणि आत मात्र तांबूस भुकटी, असंही होतं. कुलाब्यासारख्या समुद्रालगतच्या मैदानावर खेळणाऱ्यांनी तर ग्रिप बदलताना नळीत टॉर्च मारून बघावंच. ग्राफाइटच्या शाफ्टवर बॅगेच्या काठाला घासून रंग उडालेला पट्टा दिसतो. नुसता रंग गेला असेल तर काळजी नाही; पण नखाला तंतू लागत असतील तर तो शाफ्ट बदलाच.

सगळ्यात घातक समज म्हणजे वाकलेला स्टीलचा शाफ्ट गुडघ्यावर दाबून सरळ करता येतो. ती पातळ पत्र्याची नळी आहे. एकदा घडी पडली की तिथली भिंत दबते, आणि सरळ करताना ती जागा आणखी कमजोर होते. पुढे कधीतरी ऐन स्विंगमध्ये तो तिथेच तुटतो. असा शाफ्ट दुरुस्त करू नये, बदलावा.

घरातला कोणताही झटपट चिकटणारा गोंद चालेल, हेही चूक. ड्रायव्हरचं डोकं साधारण 200 ग्रॅमचं असतं आणि हौशी खेळाडूच्या हातातही ते ताशी 150 किलोमीटरच्या आसपास वेग घेतं. ते सुटलं तर समोरच्या माणसाचं काय होईल, याचा विचार करा. शाफ्टसाठी धक्का सोसणारं, दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सीच हवं. पण नुसतं इपॉक्सी चांगलं असून भागत नाही. गुळगुळीत क्रोमवर ते धरत नाही, म्हणून स्टीलचं टोक सँडपेपरने खरवडावं लागतं. ग्राफाइटवरून फक्त रंग काढायचा, तंतूंना हात लावायचा नाही, आणि ती धूळ नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावायचा. होझलच्या आतलं जुनं इपॉक्सीही पूर्ण साफ करायचं.

शाफ्ट काढतानाही फरक आहे. स्टीलला जास्त आच चालते. ग्राफाइटचा शाफ्ट परत वापरायचा असेल तर बेताची उष्णता द्यावी आणि तो सरळ रेषेत ओढावा. पिळला की आतले तंतू फाटतात, आणि ते वरून दिसतही नाही.

‘शाफ्ट सगळे सारखेच’ या समजुतीने बरेच पैसे वाया जातात. आयर्नच्या शाफ्टचं टोक 0.370 इंच किंवा निमुळतं 0.355 इंच असतं. ड्रायव्हर आणि वुडचं सहसा 0.335 किंवा 0.350. आयर्नच्या दोन मापांतला, म्हणजे मिलिमीटरमध्ये 9.4 आणि 9.0 हा फरक डोळ्यांना कळत नाही, व्हर्नियर कॅलिपर लागतो. कापतानाही कोणतं टोक हे महत्त्वाचं. खालच्या टोकाकडून कापलं की शाफ्ट ताठ होतो, आणि निमुळतं टोक तर कापायचंच नसतं. शाफ्टवरच्या ताठपणा दाखवणाऱ्या आर, एस या अक्षरांवरही भिस्त ठेवू नका. त्यांना सर्वमान्य मोजमाप नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या एसइतका ताठ निघू शकतो. लांबी अर्धा इंच बदलली तरी स्विंगवेट, म्हणजे क्लब फिरवताना डोक्याकडे जाणवणारा भार, सुमारे तीन अंकांनी सरकतं, म्हणून जुन्या क्लबची लांबी आधी लिहून ठेवावी.

शाफ्ट बदलला की क्लब स्पर्धेत चालत नाही, असंही ऐकू येतं. तसा नियम नाही. हिकरीच्या लाकडाऐवजी स्टील वापरायलाही गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी, अमेरिकेच्या यूएसजीएने 1924 मध्ये आणि सेंट अँड्र्यूजच्या आर अँड एने 1929 मध्ये, मान्यता दिलीच होती. फेरी सुरू असताना क्लबचे गुण मुद्दाम बदलायचे नाहीत. फेरीच्या आधी नियमात बसणारा कोणताही शाफ्ट बसवा.

काम झाल्यावर इपॉक्सीला त्याच्या डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ द्या. बहुतेकांना 24 तास लागतात. आणि पहिले काही फटके नेटमध्येच मारा, आजूबाजूला कुणी उभं नसताना.